काकूंच्या वजनाचं पोतं

गॅरेजच्या गल्लीत त्यांना घोडीकाका म्हणत. कोणी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू लागलं, की काका चहा बाजूला ठेवून ओरडत, "आधी घोडी लाव." घोडी म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी तिपाया. त्यांच्या गॅरेजात आजवर कोणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं, आणि हे ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते.

दुसरा राग जुन्या गाड्या खाली बसवणाऱ्यांवर. हौशी लोक यायचे आणि म्हणायचे, "काका, स्प्रिंगा कापून द्या, गाडी रस्त्याला चिकटली पाहिजे." काका त्यांना हाकलत नसत. त्याहून वाईट करत, समजावून सांगत. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून कशी निसटते, टायर मडगार्डला कसा घासतो, हे सगळं ऐकेपर्यंत समोरच्याची हौस फिटलेली असे.

असा माणूस स्वतःचीच गाडी खाली बसवायला निघाला म्हटल्यावर गल्लीची करमणूक झाली.

गाडी खरं तर काकूंच्या वडिलांची. गोल दिव्यांची आणि चांगलीच उंच. गुडघ्यांमुळे गाडीत चढवत नाही म्हणून काकू कितीतरी दिवसांत धाकट्या बहिणीकडे गेल्या नव्हत्या. बहिणीकडेच काय, कुठेच गेल्या नव्हत्या. काकांनी स्टूल सुचवलं तर म्हणाल्या, "बाबांच्या गाडीत चढायला स्टूल? त्यापेक्षा मी घरी बरी." काकांनी वाद घातला नाही. काकूंशी वाद घालून त्यांचं कधी भलं झालं नव्हतं.

कापाकापीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आखूड पण दमदार स्प्रिंगा बनवून घेतल्या. मागच्या चाकांना ओंडके लावले, घोड्या लावल्या, गाडी हलवून पाहिली आणि आपण नीट हलवली नसेल म्हणून पुन्हा हलवली. जुनी स्प्रिंग दोन्ही बाजूंनी शिकंज्यात धरून थोडी इकडून, थोडी तिकडून दाबली आणि तोंड बाजूला ठेवून काढली. दाबलेल्या स्प्रिंगसमोर ते कधी उभे राहत नसत. ती ओळख ठेवत नाही म्हणत.

शेवटी चाकांच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट राहिले. गाडी हवेत असताना ते आवळले, तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी नीट बसत नाही. म्हणून काकांची पद्धत अशी, की गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर, चाकांवर उभी करायची, रोज बसणारी माणसं आत बसवायची आणि मगच खालून आवळायचं. गिऱ्हाइकं त्यासाठी सासूबाईंना घेऊन येत.

काकू मात्र येईनात. "गल्लीला दाखवायला मी काय प्रदर्शनातली आहे?"

"मग वजन तरी सांग."

"गेल्या वर्षी तुमच्या काट्यावर भरलं होतं तेवढंच. वजनाला काय पाय फुटतात?"

काकांनी तेवढी वाळू पोत्यात भरून काकूंच्या सीटवर ठेवली, आपल्या सीटवर आपल्या वजनाचं पोतं ठेवलं आणि बोल्ट आवळले. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आली. काका मनापासून खूश झाले.

गुरुवारी सकाळी बहिणीकडे जायचं म्हणून त्यांनी गाडी दारात आणली. आपलं पोतं परत आपल्या सीटवर ठेवलं, कारण पोत्याऐवजी खऱ्या काकू बसल्यावर फट मोजायची होती. काकू उन्हातही जाड स्वेटर घालून आल्या. सीटवर टेकल्या, एकेक पाय आत घेतला आणि बसल्या. कोणाचा हात लागला नाही.

काकांनी वाकून पट्टी लावली. काकूंच्या बाजूची फट दोन सूत जास्त होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. टायरची हवा पाहिली. जमिनीला उतार आहे का पाहिलं. बुशांवर, स्प्रिंगवर, ती बनवणाऱ्या कारागिरावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग त्यांनी मान वर केली. काकूंनी खिडकीवर हात ठेवला होता, स्वेटरची बाही वर सरकली होती आणि मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराजवळ गेलं होतं.

जगाची बोटं सांभाळत बसलो आणि घरात लक्षच नव्हतं, असं काकांना वाटलं.

"कधीपासून?"

काकू समोर बघत राहिल्या. "बरेच दिवस. जेवण जात नाही. गुडघे दुखतात म्हटलं, की कोणी पुढे विचारत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"भीती वाटत होती. आणि तुम्ही स्प्रिंगांत इतके खुशीत होतात."

काकांनी आपलं पोतं उतरवून पायरीशी ठेवलं आणि गाडी सुरू केली. नाक्यावर ती उजवीकडे वळली.

"अहो, बहीण डावीकडे राहते."

"फोन करून सांग तिला, आज जमणार नाही. आधी दवाखाना."

काकूंनी फोन केला. गाडी अगदी छान चालली होती.

"माझ्यामुळे तुमचे बोल्ट चुकले," काकू म्हणाल्या. "आता परत ढिले करून आवळावे लागतील ना?"

"नाही," काका म्हणाले. "ते आहेत तिथेच राहणार. तुला परत तेवढं भरायचंय."