बोल्टवरची पांढरी रेघ

नीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. सकाळचे दहा वाजले असतील. "भाऊजी, इकडे येणार असाल तर खाली गाडीवर कव्हर घाला. आभाळ भरून आलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "घालतो. मनोहर काय म्हणतो?" त्या म्हणाल्या, "हे गेले. सकाळी सहाला." टॅक्सीने मी सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला त्यांच्याकडे पोचलो तोवर पाऊस येऊन गेला होता. ब्लॉकच्या पार्किंगमध्ये मनोहरची मोटारसायकल भिजून उभी होती. मी आधी रुमालाने तिची सीट पुसली आणि मग लिफ्टने वर गेलो. याला आता सहा आठवडे झाले. माझा जिवलग मित्र वर निजला असताना मी खाली सीट का पुसत बसलो, हे मला अजून सांगता येत नाही.

मनोहर आणि मी कराडचे, शाळेपासून एका बाकावरचे. आमच्या तरुणपणी मोटारसायकल म्हणजे वजनदार प्रकरण असायचं. किक उलटी बसली की नडगी फुटायची, आणि गाडी जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग सोडून जायची. तो डाग म्हणजे गाडी असल्याची खूण, असंच आम्ही धरून चाललो होतो. पुढे जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. साखर कारखान्यातल्या एका साहेबांनी तशी गाडी आणली तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली आणि पोटभर हसली. "ही तर सायकलची धाकटी बहीण! फुंकर मारली तर उडेल." साहेबांनी खाली वाकून हातानेच किक दाबली आणि गाडी चालू झाली, तेव्हा हसणं जरा कमी झालं. मनोहर पहिल्यापासून हसला नव्हता. त्याने साहेबांची परवानगी काढून इंजिनखाली जुना पेपर पसरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचलायला गेला. पेपर कोरडा ठणठणीत होता. "एक थेंब नाही रे! सांधा इतका सपाट घासलाय की तेलाला वाटच ठेवली नाही त्यांनी," असं तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला. त्या कोरड्या पेपरने त्याला इंजिनिअर केलं, असं मी थट्टेने म्हणायचो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तो मरीन इंजिनिअर होऊन जहाजावर गेला, मी बँकेत चिकटलो. बरीच वर्षं आमची गाठ पत्रातूनच पडायची. एकदा त्याचं जहाज दुरुस्तीसाठी जपानमधल्या एका गोदीत महिनाभर उभं होतं. तिथे त्याने एक म्हातारा फोरमन पाहिला. ठरलेली ताकद लागली की 'कट्' असा आवाज करणारा पाना असतो, त्या पान्याने तो म्हातारा एकेक बोल्ट आवळायचा आणि मग खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढून बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक सरळ रेघ ओढायचा. बोल्ट केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. मनोहरने मला चार पानी पत्र लिहिलं, त्यातली साडेतीन पानं त्या रेघेवर होती. तिथली मंदिरं कशी आहेत, खायला काय मिळतं, यावर अक्षर नाही.

पुढे आम्ही दोघेही सिंगापूरला येऊन स्थिरावलो, तो बुकित पंजांगला, मी सेंगकांगला. आल्याआल्या त्याने जुनी, एका सिलिंडरची, दोनशे सीसीची जपानी गाडी घेतली. कंपनीचं नाव तो कधी घेत नसे, नुसतं 'जपानी' म्हणायचा. इथल्या खाऊगल्लीत, हॉकर सेंटरमध्ये, कॉफीचा कप समोर आला की त्याचं कीर्तन सुरू. महायुद्धात जपानची गावंच्या गावं जळाली, पेट्रोलची मारामार, तेव्हा सैन्याची उरलेली चिमुकली इंजिनं त्या लोकांनी सायकलींना जोडली. मग एका हातात जेवणाचं ताट धरून दुसऱ्या हाताने चालवता येईल अशी बिनक्लचची गाडी केली, आणि तिने सगळा आग्नेय आशिया चाकावर आणला. "हरलेल्या माणसांनी केलेली गाडी आहे ती, म्हणून ती माज करत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, "बाबा रे, कॉफी गार होतेय." त्याच्या शर्टाच्या खिशात पांढरं पेन कायम असायचं आणि खिशाखालचा डाग कितीही धुतला तरी जायचा नाही, त्यावरून वहिनींची कटकटही कायम. गाडीच्या एकूण एक बोल्टवर रेघ होतीच, पण घरातल्या दाराच्या बिजागऱ्या, पाळण्याचे स्क्रू, वहिनींच्या शिलाई मशीनचा पाय, काही म्हणून सुटलं नव्हतं. आम्ही सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा आमच्या झोपायच्या खोलीतला पंखा त्यानेच लावला. 'कट्' आवाज झाला, रेघ ओढली, स्टुलावरून उतरला. मी विचारलं, "किती आवळलास? आकडा सांगून ठेव." तो म्हणाला, "तुला काय करायचाय आकडा? मी आहे ना."

आकडा न सांगण्यामागे कारणही होतं. आंग मो किओमध्ये एका म्हाताऱ्या चिनी मेकॅनिकचं गॅरेज होतं. मनोहर त्याला अंकल म्हणायचा आणि तो मनोहरलाही अंकलच म्हणायचा. रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो. एकदा तेल बदलून झाल्यावर मी हौसेने पाना हातात घेतला. आपलं शिक्षण असं की घट्ट म्हणजे पक्कं, हात दुखेपर्यंत आवळायचं आणि वर आणखी एक पिळा द्यायचा. मी तो पिळा दिला आणि बोल्ट एकदम लोण्यासारखा मऊ झाला. ॲल्युमिनियमचे आटे गेले होते. अंकलने वाकून पाहिलं आणि मनोहरला विचारलं, "युवर फ्रेंड वर्क इन बँक, आ?" मनोहरने मान हलवली. "कीप हिम इन बँक, लाह." दोघे खो खो हसले. मी शरमेने चूर झालो होतो. परतताना मनोहर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या हाताला ऐकू येत नाही, एवढंच." मग हसला, पण पुन्हा कधी पाना माझ्या हातात दिला नाही.

मागच्या वर्षी त्याच्या पोटात जे निघालं ते डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. काही महिने. इथे गाडीला दहा वर्षांचा कागद असतो, तो संपला की नवा करायचा, नाहीतर गाडी भंगारात. मनोहरच्या गाडीचा कागद नेमका तेव्हाच संपत होता, आणि या माणसाने तो पुढच्या दहा वर्षांसाठी नवा करून घेतला! मी गेलो तेव्हा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "माझ्यामागे तू नावावर करून घे. आमचा पोरगा ओंकार मेलबर्नला, तो काय करणार? तू फक्त लायसन्स काढ." मी इथे मोटारसायकलचं लायसन्स कधी काढलंच नव्हतं. साठी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि खरं सांगायचं तर या रस्त्यांवर दोन चाकांवर बसायची मला भीती वाटते. बँकेत लोकांना 'नाही' म्हणण्याचाच मला पगार मिळतो. तिथे मात्र माझ्या तोंडून निघालं, "काढतो की."

पुढच्या भेटीत त्याने विचारलं, "क्लासला नाव घातलंस?" मी म्हटलं, "घातलं." घातलं नव्हतं. फॉर्म अर्धा भरून ठेवला होता, तो अजून अर्धाच आहे. मग दर आठवड्याला तो विचारत राहिला आणि मी व्हिडिओ बघून बघून सांगत राहिलो... आठच्या आकड्यात गाडी कशी बंद पडली, अरुंद फळीवरून जाताना कसा घसरलो. तो उशीवरून उठून बसायचा. सलाइन लावलेल्या हाताने हवेत क्लच धरून दाखवायचा. "चाकाकडे बघायचं नाही रे गाढवा. लांब बघ. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते." एवढं बोलूनही त्याला धाप लागायची, पण चेहरा उजळायचा. माझ्या खोट्याने त्याला बरं वाटतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. त्याला बरं वाटत होतं हे खरंच आहे. पण मी ते त्याच्यासाठी करत नव्हतो, हेही तितकंच खरं आहे.

शेवटची भेट त्यांच्या दारात झाली. मी निघालो तशी त्याने वहिनींना चाकाची खुर्ची दारापर्यंत आणायला लावली. जिन्याशेजारच्या स्टँडवरून बूट काढून मी खाली बसून नाड्या बांधत होतो. वर पाहिलं तर तो माझ्या डाव्या बुटाकडे बघत होता. ज्याने मोटारसायकल चालवली आहे त्याला ठाऊक असतं की वरचा गिअर टाकताना डाव्या बुटाचा पुढचा भाग दांडीला घासतो, आणि चार दिवसांत तिथे काळा पट्टा उमटतो. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. "क्लासला हेच बूट घालतोस?" त्याने विचारलं. "हो, हेच," मी म्हणालो. "डावाच पाय वापरतात ना गिअरला?" "म्हणजे काय!" माझा बूट आरशासारखा चकचकीत होता. तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." एवढंच. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्याने हात वर धरला होता. घरी येऊन मी सहज व्हिडिओ लावला, त्यात एक पोरगा बुटावर बसवायचं रबरी कव्हर दाखवत होता, आणि कशासाठी ते सांगत होता. फोन करावासा वाटला. केला नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर ओंकारने मला सांगितलं, शनिवारी गाडी भंगारात न्यायला लॉरी येणार आहे. मी चाचरत म्हणालो, "अरे, पण गाडी तर मी..." ओंकार खाली बघत म्हणाला, "नो नीड, काका. बाबा ऑल्रेडी टोल्ड मी. डोन्ट आस्क काका, ही सेड. विकायची पण नाही, समवन विल टाइटन एनिहाऊ, बोल्ट कसेही आवळतील. जस्ट स्क्रॅप, ही सेड." मी विचारलं, "केव्हा म्हणाला असं?" उत्तर वहिनींनी दिलं. "तुम्ही शेवटचे आला होतात ना भाऊजी, त्याच संध्याकाळी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला आणखी चहा हवा का विचारत होत्या. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो की थांबा, मी खरंच क्लास लावतो, मला तीन महिने द्या. मी म्हणालो, "नको, चहा पुरे."

शनिवारी मी गेलो. दोन माणसांनी गाडी लॉरीत चढवली आणि पट्ट्याने आवळून बांधली. मी जवळ जाऊन इंजिनाभोवतीचे बोल्ट पाहिले. एकूण एक रेघ सरळ होती, कुठेच तुटलेली नव्हती. दहा वर्षांचा कागद हातात असलेली, धडधाकट गाडी... ती कुणामुळे मोडीत निघाली ते मला माहीत आहे, आणि आता ते तुम्हालाही माहीत झालं. मेलेल्या माणसाची क्षमा मागता येते असं काही लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी पडलो असताना आमचा पंखा बारीक कुरकुरला. मी स्टुलावर चढून पाहिलं. पांढरी रेघ तुटली होती. फार नाही, केसभर. मी पाना आणला, बोल्टला लावला, आणि तसाच उभा राहिलो. किती आवळायचा? आकडा त्याच्याजवळ होता, आणि माझ्या हाताला ऐकू येत नाही. पाना काढून घेतला, पंखा बंद केला आणि खाली उतरलो. तेव्हापासून तो बंदच आहे. इथला उकाडा तुम्हाला सांगायला नको. दुसरा कुणी आला तर तो बोल्ट फिरवणार, आणि मग ती रेघ परत कधी जुळायची नाही.

काल माझ्या बायकोने, शुभदाने, पदराने वारा घेत विचारलं, "अहो, इलेक्ट्रिशियनला फोन केलात का?"

"केला," मी म्हणालो. "येतो म्हणालाय."