हेल्मेटातली अंडी

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दर रविवारी सकाळी शेजारचे सावंतकाका सायकलवरून अंडी घ्यायला येतात. वय सत्तरीच्या पुढे, डोकं उघडं आणि हेल्मेट हँडलला लटकवलेलं. दुकानदार डझनभर अंडी कागदात बांधून देतो आणि काका तो पुडा हेल्मेटमध्ये अलगद ठेवतात.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो काका, ते डोक्यावर घालायचं असतं."

"डोकं सत्तर वर्षं टिकलंय. अंडी टिकत नाहीत. खड्डे बघितलेस ना रस्त्यावरचे?"

म्हणजे खड्डे त्यांना मान्यच होते.

मीही सायकलवरून त्यांच्या मागोमाग निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरले. अंडी पिशवीत गेली, हेल्मेट डोक्यावर चढलं, हनुवटीखालचा पट्टासुद्धा आवळला गेला.

"लेक गॅलरीत उभी असते," ते म्हणाले. "तिनेच आणलंय. असं बोडकं बघितलं, की दिवसभर कटकट."

मग घरापर्यंतची पन्नास पावलं ते अगदी शहाण्यासारखे गेले.

मला हसू आलं. सायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं की नाही, यावर मीही कट्ट्यावर तावातावाने बोलतो. पण माणूस ते घालतो कुणाच्या तरी धाकाने.

माझं हेल्मेट दाराआडच्या खिळ्याला आहे. "ते घालून जा हो," असं स्वयंपाकघरातून ओरडणारी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते तिथेच आहे.