मेलेले वानर

त्या सिनेमाचं पोस्टर खोपोलीच्या नाक्यावर लागलंय. लोक विचारतात, बघितला का? नाही. बघणारही नाही.

पोथीतल्या देवाच्या लढाईवरचा तो सिनेमा कर्जतजवळच्या माळावर झाला. सोनेरी महाल उभारला होता. गर्दीसाठी माणसं पुरवायचं काम मी भांडून मिळवलं. मी कातकरी वाडीतला. वीटभट्टीवर राबलो, मग मुकादम झालो. जेवण, पाणी, बायकांसाठी आडोसा, सगळं घासाघीस करून पदरात पाडून घेतो.

वानर करायला मुंबईच्या जिममधली पोरं आणली आणि आमच्या माणसांना राक्षस केलं. आम्ही देवाच्या बाजूने लढलेल्या वानरांचे वंशज, असं आमच्यात मानतात. उपाशी राहू, पण माकडावर हात उचलणार नाही. "मारा!" म्हटलं की आमची माणसं गदा उगारून धावायची आणि वानरांसमोर येऊन थांबायची. पुन्हा पुन्हा तेच. सगळ्यांत पुढे असलेल्या माझ्या चुलत्याने शेवटी गदा खालीच ठेवली.

"बाबा, फोमची गदा आहे. खोटं मारायचंय," दिग्दर्शकाचा सहायक म्हणाला.

"गदा खोटी आसंल. हात तर माझाच हाय ना रं?"

माझं डोकं फिरलं. "यांना वानर करा, नाहीतर टेंपो माघारी नेतो," मी सहायकाला सुनावलं.

"शेठ, हे चेहरे त्या बाजूला शोभत नाहीत."

बरीच हुज्जत झाली. मिळालं काय, तर मेलेले वानर. तोंडं जमिनीकडे. मी धुडकावणार होतो, पण चुलता म्हणाला, "घे रं. पडू आमी. शेवटाला देव उठवतोच ना आमाला."

पोथीत लढाई संपल्यावर आकाशातून अमृत पडतं आणि मेलेले वानर उठतात. ही गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकलेली.

शेपट्या बांधून माणसं भर उन्हात पालथी पडली. 'कट' झालं तरी उठेनात. मी सहायकाला विचारलं, उठवायचा प्रसंग कधी?

"तो काढून टाकलाय. माहितीये, पोथीत आहे. पण लांबी वाढते."

महाल जाळायला त्यांच्याकडे वेळ होता. मी नाही नाही ते बोललो. मग हात जोडले. नुसते उठून बसतात, एवढंच घ्या म्हणालो. तो पुढच्या शॉटकडे निघून गेला.

मी चुलत्याजवळ बसलो.

"सोडलं का रं अमृत?" त्याने मातीतूनच विचारलं.

"नाय, काका. सोडणार नायत."

तो हलला नाही. मग मीच त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं, आणि शेजारी पडलेल्या माणसाकडे वळलो.