लाल पटक्यातला माणूस

माझ्या नवऱ्याला सिनेमाचं वेड आहे आणि मला त्याच्या वेडाची सवय आहे. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. लोकांच्या घरी असल्या कपाटात साड्या असतात, आमच्या घरी डीव्हीडी आहेत. माझ्या साड्या ट्रंकेत. यावरून मी सुरुवातीला पुष्कळ भांडले, मग सोडून दिलं.

गेल्या दिवाळीत मोठा टीव्ही आला आणि घरातली शांतता गेली. लहान टीव्हीवर ज्या डिस्का छान दिसायच्या त्या मोठ्यावर धुरकट दिसायला लागल्या. माणसांच्या चेहऱ्यांची पार लापशी झाली. नवरा कधी जवळून, कधी लांबून बघायचा आणि हळहळायचा. शेवटी त्यानं जाहीर केलं, आता ब्लू-रेवर जायचं. प्लेअर नवा, डिस्काही नव्या, आणि चित्र म्हणे इतकं स्वच्छ की नटाच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसतात.

मला ते नको होतं. कारण कपाटातल्या एका डीव्हीडीत माझे वडील होते. निदान ते तसं सांगायचे.

माझं माहेर सांगोल्याकडचं. आम्ही धनगर. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म मेंढरांमागं काढला. माझ्या जन्माआधी तिकडच्या माळावर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. रस्ता ओलांडणारा मोठा कळप हवा होता, म्हणून आसपासच्या धनगरांना मेंढरांसकट बोलावलं, सगळे कळप एकत्र केले आणि दिवसभर इकडून तिकडे पळवले. सिनेमात ते सगळं पापणी लवेपर्यंत दिसतं. नायकाची जीप थांबते, मेंढरं आडवी जातात आणि लाल पटका बांधलेला एक माणूस काठी उगारून त्यांना वळवतो. तो माणूस म्हणजे आपण, असं आण्णांचं म्हणणं होतं.

लग्नानंतर नवऱ्यानं ती डीव्हीडी मुद्दाम शोधून आणली, सासऱ्यांना बघायला मिळावी म्हणून. तेव्हापासून आण्णा सोलापूरला आले की चहा झाल्याबरोबर तो सिनेमा लागायचा.

"थांबवा जावईबापू, थांबवा. ह्यो बगा मी."

आण्णा उठून थेट पडद्यावर बोट टेकवायचे. शेजारपाजारचं कुणी आलेलं असलं तर त्यांनाही दाखवायचे. नवरा हौसेनं मागं घेऊन पुन्हा लावायचा. सासूबाई म्हणायच्या, "रुबाब होता की हो तुमचा." आणि मी कपबश्यांचं निमित्त काढून आत जायची.

मला लाज वाटायची. त्या मोठ्या आवाजाची, काचेवर उमटलेल्या त्या बोटाची. पण खरं कारण याहून वाईट होतं. तो माणूस आण्णा नाहीत, हे मला माहीत होतं. लग्नानंतर लवकरच, एकदा चित्र थांबवलेलं असताना माझ्या लक्षात आलं होतं की काठी त्याच्या डाव्या हातात आहे. लहानपणी भाकरीचं गठुडं घेऊन मी आण्णांच्या मागून माळ तुडवलाय. त्यांची काठी उजव्याच हातात असते हे मी झोपेतसुद्धा सांगेन. म्हणजे माझे वडील माझ्या सासरी बसून थापा मारत होते, आणि दर खेपेला त्याच.

सासूबाईंना हे कळलंय, अशीही माझी खात्री होती. त्या मूळच्या कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या. आण्णा येऊन गेले की त्या बहिणीला फोन लावून कानडीत बोलायच्या आणि मध्येच हसायच्या. मला कानडी येत नाही. त्यामुळे त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावून घ्यायची.

तर असं सगळं असल्यामुळे मी ब्लू-रेच्या विरोधात कंबर कसली.

"सगळं आता मोबाईलवर येतंय. डिस्क कोण घेतं?" मी म्हणाले.

"मोबाईलवर आज असतं, उद्या काढून टाकतात. डिस्क आपल्या घरात राहते."

"मग ह्या कपाटभर डिस्का टाकून द्यायच्या?"

"नव्या प्लेअरवर जुन्या पण चालतात की."

"एवढ्याशा खोलीत फरक तरी काय दिसणार?"

यावर त्यानं मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

सासूबाईंनी एकच विचारलं, "त्यात माझ्या मालिका दिसतील का?" दिसणार नाहीत म्हटल्यावर त्याही माझ्या बाजूला आल्या. बाजारात जिथं चौकशी केली तिथला दुकानदारही आमच्याच पक्षाचा निघाला. "साहेब, आता हे कोण ठेवतंय," म्हणून त्यानं हात झटकले. मला वाटलं, सुटले. पण नवऱ्यानं प्लेअर ऑनलाइन मागवला, आणि पहिली डिस्क कुठली घ्यायची हेही त्याचं ठरलेलं होतं.

"मामांचा सिनेमा. नवी प्रिंट निघालीय त्याची. आता मामा स्वच्छ दिसतील."

आण्णांना तो मामा म्हणायचा. त्याचा चेहरा इतका खुलला होता की माझी जीभ रेटेना. तेव्हा खरं सांगून टाकता आलं असतं. पण माझे वडील खोटं बोलतात, हे नवऱ्यापुढं तोंडातून काढायचं कसं? आधी दुसरा कुठला तरी घे, एवढंच मी म्हणाले. त्यानं ऐकलं नाही.

डिस्क आली तसा त्यानं आण्णांना फोन करून बोलावून घेतलं. रविवारी दुपारी आण्णा नवी बंडी घालून आले. सासूबाई चष्मा पुसून पुढं बसल्या. या वेळी कपबश्या उचलायलाही मला सुचलं नाही, मी दाराला टेकून उभी राहिले. माळ दिसला. धूळ दिसली, जीपच्या काचेवरचे ओरखडे दिसले. मग मेंढरं आली, त्यांच्यामागून लाल पटका आला, आणि नवऱ्यानं सवयीनं चित्र थांबवलं.

एक परका माणूस आमच्याकडं बघत होता. अरुंद कपाळ, फेंदारलेलं नाक, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्याला आण्णा म्हणणं आंधळ्यालाही जमलं नसतं.

"तेच की," सासूबाई म्हणाल्या. "नाक बघा, हुबेहूब तुमचं."

"हो, मामाच," नवरा लगेच म्हणाला.

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. आता तू बोल, असं ते बघणं होतं. मी फरशीकडं बघत राहिले. मी ज्यांना हसणारी माणसं समजत होते ती माझ्या वडिलांची बाजू सांभाळत होती, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आण्णा उठून टीव्हीजवळ गेले. या वेळी बोट टेकवलं नाही. हात मागं बांधून ते बराच वेळ बघत राहिले.

"न्हाय, इहीणबाई," ते म्हणाले. "ह्यो मी न्हाय. ह्यो आमच्या पलीकडल्या वाडीचा गडी. डावरा हुता त्यो. त्यो बी त्या दिवशी आल्ता की." मग नवऱ्याकडं वळून म्हणाले, "पटका तसलाच, अंगलट तसलीच. आपुन आपल्याला बगतो आरशात, तितं काठी ह्याच अंगाला दिसती. मला मीच वाटलो. तुमाला उगं इतकी वर्सं बशिवलं, जावईबापू."

असं ते सहज बोलून गेले. अंधुक चित्रात त्यांना आपला चेहरा दिसला होता, स्वच्छ चित्रात दिसला नाही, म्हणून त्यांनी तसं सांगितलं. एवढाच त्यांचा खोटेपणा होता. थापाड्या बापाची पोर म्हणून मी इतकी वर्षं स्वयंपाकघरात लपत होते, आणि त्या खोलीत खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

मग आण्णा एकदम वाकले. "आन ही मातर आमची," ते म्हणाले. कळपाच्या कडेला अर्ध्या काळ्या तोंडाची एक मेंढी होती. "कानाची खाच बगा. मीच पाडल्याली. लई खोडीची हुती ही." नवऱ्यानं चित्र मागं घेतलं, पुन्हा लावलं. सासूबाई उठून जवळ जाऊन मेंढी बघून आल्या. सगळे हसले, आण्णा सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला गेले. सांगोल्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो.

"इहीणबाई म्हन्ल्या मीच, जावई बी म्हन्लं मीच," आण्णा म्हणाले. "तू गप हुतीस."

मी त्यांच्या पिशवीचे बंद सारखे करत राहिले.

"तुला आदीच म्हाईत हुतं?"

"व्हय."

"कशावरनं?"

"काठीवरनं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "मग मला सांगायचं न्हाय व्हय, पोरी? तुज्या मान्सांम्होरं एवडी वर्सं बोलू दिलंस."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून," मी म्हणाले. हे खोटं होतं. वडिलांची चूक होऊ शकते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. ते खोटं बोलतात, हे मात्र मी एका काठीवरून ठरवून टाकलं होतं. हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

गाडी लागली. आण्णा चढले आणि खिडकीशी बसले. मी त्यांची पिशवी वर दिली. ती मांडीवर घेऊन ते खाली वाकले.

"आता कुटं चुकलो तर तितल्या तितं सांगत जा," ते म्हणाले. "आपल्या मान्सानं न्हाय सांगायचं, तर कुनी?"

मी व्हय म्हणाले, पण त्यांच्याकडं बघून म्हणता आलं नाही.