वळलेल्या बोटांची पिलं

आमच्या घरात भात शिजायचा तो सणाला. आजऱ्याजवळचं गाव, चहूकडं भाताची खाचरं, पण ती दुसऱ्यांची. आई काजूच्या कारखान्यात जायची. टरफलाच्या तेलानं काळी पडलेली बोटं कशानं उजळायची नाहीत. त्याच हातांनी ती नाचणीची भाकरी थापायची. रोज पांढरा भात खाणारा माणूस सुखी, एवढं तिचं साधं गणित होतं.

आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि ते मी न लाजता सांगते. पण ही गोष्ट पदवीच्या शेवटच्या वर्षाची. तेव्हा आईला भाताच्या गिरणीत काम लागलं आणि घरात पांढऱ्याशुभ्र कण्या येऊ लागल्या. आदल्या साली रोगानं आमचं सगळं खुराडं साफ केलं होतं. उरलेली एकच कोंबडी आईनं अंड्यांवर बसवली. अकरा पिलं निघाली.

"ही जगली तर जगली. न्हाईतर कोंबड्यांचं नाव काढायची न्हाय," आई म्हणाली. कोंबड्या सोडल्या तर तिचं स्वतःचं असं घरात काहीच नव्हतं.

म्हणून लाड सुरू झाले. घार उचलंल म्हणून पिलं सोप्यात बांबूच्या डालग्याखाली झाकलेली, आणि आम्ही भाकरीवरच असलो तरी त्यांना खायला फक्त कण्या, त्याही पाखडून.

तिसऱ्या आठवड्यात एक पिलू बसलं ते उठेना. मग आणखी चार. पायाची बोटं मूठ आवळल्यागत आत वळलेली, आणि चालायचं ते गुडघ्यांवर.

"दिष्ट लागली गं," शेजारची काकू म्हणाली. "येता-जाता पिलं मोजू नगंस म्हणून सांगितलं हुतं की!"

आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर शिंकलं. पिलं काही उठली नाहीत.

मग आई माझ्याकडं वळली. "प्राण्यांचं शास्त्र शिकतीस न्हवं? मग सांग की काय झालंय!"

दोन पिलं कापडी पिशवीत घालून मी एसटीनं जनावरांच्या दवाखान्यात निघाले. कंडक्टर म्हणाला, "ताई, पिशवीतल्या पावण्यांचं तिकीट काढलासा का?" सगळी गाडी हसली.

डॉक्टरांनी बोटं उलगडून बघितली. "खायला काय घालता?"

"तांदूळ," मी मान ताठ करून सांगितलं.

"आणि घरात तुम्ही काय खाता?"

"नाचणीची भाकरी, पालेभाजी, ताक."

"मग पिलांपेक्षा तुमचंच बरं चाललंय की!" डॉक्टर हसले. त्यांचं म्हणणं, नुसता कोंडा काढलेला पांढरा तांदूळ, त्यात ब२ जीवनसत्त्व नसल्यातच जमा, वर ऊन नाही. पाय कसे धरतील?

ब२ वर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. दारातल्या पिलाच्या पायात ते मला ओळखता आलं नव्हतं.

घरी सांगितलं तर आई रागावली. "म्हंजे मी चांगलं घातलं, त्येच वाईट झालं व्हय?"

"वाईट न्हाय आई. एकटं पडलं. जोडीला आपलं खाणं घाल."

मग ती खो-खो हसत सुटली. "जल्मभर ज्येला नावं ठेवली, त्येच औषध निघालं की गं!"

पाण्यात डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्वाचे थेंब, शिजवलेली नाचणी, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला. वारुळाचं ढेकूळ फोडून टाकलं की पिलं वाळवीवर तुटून पडायची. ताक काकूकडनं यायचं, तिची म्हैस दुभती होती. आई पदराखाली तांब्या घेऊन तिच्या दारात उभी राहायची.

"ताकाला येऊन भांडं लपवतीस व्हय?" काकू ओरडायची. "पिलांच्या वाट्याचं न्हे, आन् वाईच तूबी पी!"

दिवसभर पिलं अंगणात उन्हाला. कामाला जाईपर्यंत घारीसाठी काठी घेऊन आई राखणीला, नंतर मी. सहाव्या दिवशी एक पिलू डगमगत उठलं, चार पावलं गेलं आणि कोंबडीच्या पंखात शिरलं. आईनं अशी हाक मारली की अख्खी गल्ली पळत आली.

एक पिलू दगावलं. एकाला उशीर झाला होता, त्याची बोटं वाकडीच राहिली. बाकीची नऊ धड पायांवर मोठी झाली, आणि आईचं खुराडं पुन्हा भरलं.