सतरा दिवस लाल राहिलेला शब्द

आमच्या घरात एका हरवलेल्या शेळीने सतरा दिवस मुक्काम केला आणि बावीस वर्षं शिक्षिका असूनही मला ती सापडली नाही.

शेळी मोबाइलमधली होती. वाचन शिकवायचं एक अ‍ॅप आहे. पडद्यावर गोष्ट येते, आपण मोठ्याने वाचायचं. बरोबर वाचलेला शब्द हिरवा होतो, न वाचलेला लाल राहतो, आणि सगळा पाठ हिरवा झाल्याशिवाय पुढचा पाठ उघडत नाही. (अ‍ॅप माझ्यापेक्षा कडक आहे. मी निदान शुक्रवारी तरी सूट देते.)

या अ‍ॅपवर मी आमच्या तांड्यावरच्या शाळेत बरंच काही करून दाखवलं आहे, हे मी अजिबात संकोच न करता सांगते. पहिलीतली मुलं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत येतात. पुस्तकात भाकरीचं चित्र असतं, मुलं ‘बाटी’ म्हणतात. पूर्वीच्या पद्धतीने मी ‘चूक’ म्हणाले असते. आता मी चित्राखाली आधी ‘बाटी’ लिहिते, मग ‘भाकरी’, मग हिंदीतली ‘रोटी’. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं तिकडच्या फडावरून वाचून आवाज पाठवतात. तिसरीतल्या मुली इंग्रजीही वाचतात, आणि माझे उच्चार सुधारतात!

हे सगळं मी केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक परिषदेत पाऊण तास सांगितलं. ‘शिकणाऱ्याच्या घरातून सुरुवात करा’ हे वाक्य तर तीनदा म्हटलं. टाळ्या झाल्या. आणि मग मागच्या बाकावरून एक सर उठले.

“मॅडम, तांड्यावरची पोरं तीन-तीन भाषा वाचून राह्यली, लय भारी. पण काल रेशनच्या दुकानात तुमच्या सासूबाई अंगठा काहून लावत होत्या?”

अंगठा हल्ली मशीनवर सगळेच लावतात, मीसुद्धा लावते! पण हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. तिथे मी ताडकन म्हणून बसले, “तीन महिन्यांनंतरच्या परिषदेत माझ्या सासूबाई तुम्हा सगळ्यांसमोर अ‍ॅपवर पाठ वाचतील!”

सासूबाईंना विचारायचं राहूनच गेलं होतं. मानोरा गावाला लागून आमचा भाजीचा मळा आहे. त्या वांगी तोडत होत्या. मी भीतभीतच सांगितलं.

“शिकतो ना,” त्या म्हणाल्या. “तुही पोरगी होस्टेलावरून मोबाइलवर लिवते अन् मी तुमच्या तोंडाकडे पाह्यत बसतो. माह्या नातीचं मले वाचता याले पायजे. पण मारशीन गिरशीन तं सांगून ठेवतो, उठून जाईन.”

आणि काय शिकल्या! बाजारात बसून हिंदीत भाव करणारी, तांड्यावरच्या बायकांशी गोरमाटीत भांडणारी बाई ती. तिला फक्त अक्षरं हवी होती. दोन महिन्यांत खताच्या पोत्यावरचा मजकूर झाला, एस. टी.च्या पाट्या झाल्या. मी अभिमानाने फुगले. रोजची प्रगती शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू लागले. (कोणी मागितली नव्हती.)

मग आला सहावा पाठ. ‘लक्ष्मणची शेळी’.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही बसलो. शेजारच्या घरातून माझे चुलत सासरे, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, सासूबाईंचे भासरे, नेहमीप्रमाणे येऊन खाटेवर टेकले होते. त्यांना अख्खं गाव ‘आबा’ म्हणतं. सासूबाईंनी पदर सारखा केला, मोबाइल समोर धरला आणि वाचलं, “...ची शेळी हरवली. ...रानात गेला.”

“आई, तो पयला शब्द राह्यला.”

“राहू दे ना वं. शेळी हरपली हे समजलं ना तुले?”

“पण कोणाची?”

“ज्याची हाय त्याची!”

शब्द लाल. मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “पुन्हा प्रयत्न करा.” त्या पाठात लक्ष्मण नऊ वेळा येतो. नऊ वेळा लाल.

मी लगेच ओळखलं : जोडाक्षर कच्चं! दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘लक्ष्मी’ लिहिलं. वाचलं. ‘सूक्ष्म’ लिहिलं. वाचलं. ‘लक्षण’ लिहिलं. वाचलं, आणि वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “लक्षण काही बरं दिसत नाही तुहं.” ‘लक्ष्मण’ लिहिलं. त्या उठून गोठ्यात गेल्या.

मग मला वाटलं, डोळे. कारंज्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी वाचली, त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “हे सुनेले दाखवा, तिले दिसत नाही.” तरी मी चष्मा घेऊनच आले. एवढ्या लांब गेलो होतो!

मग वाटलं, मोबाइल. नवऱ्याचा घेतला, तोच लाल. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, पाच पाठ नव्याने वाचावे लागले, ते त्यांनी वीस मिनिटांत हिरवेगार केले, आणि सहाव्यात पुन्हा तीच शेळी.

शेवटी मी त्यांच्या वाचनाचा आवाज ग्रुपवर टाकला आणि सल्ला मागितला. साठ शिक्षकांचा ग्रुप! एकाने स्मृतिदोष सांगितला. दुसऱ्याने लहानपणी लक्ष्मण नावाच्या माणसाने मारलं असेल, असं कळवलं. तिसऱ्याने बदाम सुचवले. मी रोज सकाळी बदाम देऊ लागले, सासूबाई ते आबांच्या नातवंडांना वाटू लागल्या. घरात बोलणं कमी झालं. माझ्या ताटात भाकरी आपटून पडू लागली. मी कारण शोधून थकले, पण विचारायचं काही मला सुचलं नाही. (शिक्षकाला प्रश्न विचारायची सवय असते, पण उत्तर आधीच ठाऊक असलेलेच!)

सतरावा दिवस परिषदेचा निघाला.

आमचीच शाळा. केंद्रप्रमुख, तीस-चाळीस शिक्षक, तांड्यावरचे पालक, आणि मागच्या बाकावर तेच सर. सासूबाई नवं लुगडं नेसून, नाकावर नवा चष्मा चढवून आल्या. त्यांच्या पाठोपाठ काठी टेकत आबाही आले. “आमच्या घरची बाई वाचणार, मी नाही पाह्यणार काय?” म्हणून थेट पहिल्या खुर्चीत बसले. सासूबाईंचा पदर दोन बोटं पुढे आला. आज शब्द लाल राहिला तर तालुक्यात ‘पाऊण तासवाली मॅडम’ हेच माझं नाव पडणार होतं.

“...ची शेळी हरवली,” सासूबाईंनी वाचलं.

“पुन्हा प्रयत्न करा,” मोबाइल म्हणाला.

“आजी, पहिला शब्द सांगा ना,” केंद्रप्रमुख म्हणाले.

मी कडेला उभी राहून तोंडाने “ल... ल...” करत होते. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ‘ल’ सोडून भिंतीवरचा तक्ता बघू लागले. मागच्या बाकावर खसखस पिकली.

“अरे, कायले तिचा जीव खाऊन राह्यले?” आबा काठी आपटून उठले. “ते माहं नाव हाय! लक्ष्मण म्हणजे मी! भासऱ्याचं नाव घेते काय कोणती बाई? ते तं पन्नास वर्सांपासून माह्यासमोर खोकलत बी नाही!”

सगळ्या खोलीने एकदम माझ्याकडे बघितलं.

आता, आबांचं नाव माझ्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून ठळक अक्षरात छापलेलं होतं, हे मला नंतर नवऱ्याने दाखवलं. पण लग्नाच्या पत्रिकेत जेवणाचं ठिकाण सोडून कोण काय वाचतं! मी स्वतः नवऱ्याचं नाव हजेरी घेतल्यासारखं खणखणीत घेते, त्यामुळे ही रीत संपली असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि “तू सांगितलं काहून नाही?” असं मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणतो, “तू मले इचारलं काय? तू तं डॉक्टरले इचारलं.”

“आई, तुमी तरी सांगाचं होतं!” मी तिथेच म्हणाले.

“तू मास्तरीण. तुले समजत नसन असं मले कसं वाटन? मले वाटलं, सून मुद्दाम नाव घ्यायले लावून राह्यली. फळ्यावर लिवलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, बदाम चारले! म्हटलं, पाहू किती जोर लावते ते.”

केंद्रप्रमुखांनी रुमाल तोंडावर धरला होता. “आता पाठ कसा पूर्ण करायचा?”

“मी भायेर जातो, घे तू नाव,” आबा म्हणाले आणि दाराआड उभे राहिले.

“भायेर गेले म्हणून नाव बदललं काय त्यायचं?” सासूबाई म्हणाल्या.

तोडगा शेवटी आबांनीच काढला. शब्द आला की सासूबाईंनी खोकायचं, आणि दाराआडून आबांनी स्वतःच स्वतःचं नाव घ्यायचं.

“खुक्.”

“लक्ष्मण!” दाराआडून अशी आरोळी आली की झाडावरचे पक्षी उडाले. शब्द हिरवा!

“...ची शेळी हरवली. खुक्.”

“लक्ष्मण!”

“...रानात गेला.”

नऊ वेळा. सातव्या वेळी तांड्यावरच्या बायकाही आबांच्या सुरात सूर मिळवत होत्या. पन्नास वर्षांत न खोकलेली बाई भासऱ्याला खोकून हुकूम सोडत होती आणि भासरे इमानाने ओ देत होते. पाठ हिरवा झाला, पडद्यावर पाच तारे फुटले, आणि खोलीत जो आवाज झाला तो माझ्या पाऊण तासाच्या भाषणाला झाला नव्हता.

“हे पाठ केलेलं असेल,” मागचे सर पुटपुटले. केंद्रप्रमुखांनी टेबलावरचं परिपत्रक सासूबाईंच्या हातात दिलं. परिपत्रक! जे आम्ही शिक्षकसुद्धा फक्त शेवटची तारीख बघून ठेवून देतो. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत वाचलं, थोडं थांबत, बोट फिरवत, पण सगळं. मग सरांकडे बघून म्हणाल्या, “बाप्पा, येवढे मोठे मोठे शब्द हायेत, पण करायचं काय हे कुठीच नाही लिवलं.”

मी खरंच सांगते, त्या क्षणी सगळ्यांच्या आधी टाळ्या मीच वाजवल्या. माझी विद्यार्थिनी! तेवढ्यात केंद्रप्रमुखांनी त्यांना विचारलं, “आजी, सून कशी शिकवते?”

“शिकवते बरी,” सासूबाई म्हणाल्या. “थोडं आयकाले शिकली तं अजून बरी शिकवन.”

केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढे केली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं दिसेनात. मग सासूबाईंनीच वही ओढून घेतली, चष्मा नाकावर बसवला आणि भरल्या खोलीत, दाराआडच्या आबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, जोडाक्षरांसकट, एकही शब्द न सोडता वाचून दाखवलं :

“विद्यार्थिनीची प्रगती उत्कृष्ट. शिक्षिकेकडे विशेष लक्ष देण्याची आवश्यकता आहे.”