साहेबांनी चहा पाजला

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, देवासमोर नाही — देवासमोर तर मुळीच नाही, तिथे मी अजूनही काहीतरी मागायलाच उभी राहते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मराठीतून सांगतेय, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की ते पाठ केलेल्या उत्तरासारखं होतं. पाठ केलेली उत्तरं मला चांगली जमतात. दुसऱ्याकडून करून घ्यायलाही जमतात. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

मी टेलिफोन ऑपरेटर आहे. रसायनीकडच्या एका कारखान्यात — नाव नको. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला काचेची खोली आहे, तिथे माझा बोर्ड. घर खालापुरात, रस्त्याला लागून. पुढे वडिलांचं औषधांचं दुकान. त्यांनी मला घाटावरच्या कॉन्व्हेंटात ठेवलं होतं. तिथून मी इंग्रजी घेऊन आले, आणि गप्प बसण्याची सवय. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की अजून घसा आवळतो. लोक म्हणायचे, किती गुणी मुलगी! गप्प राहणाऱ्या माणसाला लोक किती सहज चांगलं म्हणतात, नाही?

शकू गप्प राहणारी नव्हती. शकुंतला — नदीकाठच्या गावातली. तिची आई आमच्याकडे तांदूळ पाखडायला यायची, तिच्यामागोमाग ही. माझ्याच वयाची, तरी मला मालूताई म्हणायची, ते आमचं घर मोठं म्हणून. मराठी शाळेतून मॅट्रिक झाली, खटपट करून टायपिंग शिकली. आवाज असा, की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची गुरं मान वर करायची.

कारखान्यात ऑपरेटर हवी होती. जागा एकच. मी अर्ज केला, शकूनेही केला. आणि दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली.

"मालूताई, ते इंग्लिशमधले सवाल येतात ना, ते शिकव ना गं मला."

मीही त्याच जागेसाठी जाणार हे तिला माहीत होतं. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. "दोघीतली कोण पण लागली तरी आपलीच," म्हणाली. लागली नाही तर काय, हेही तिला माहीत होतं. कारखान्याच्या मागच्या अंगाला रंगाची पावडर भरायची शेड होती. तिथे बायका लावणारा कंत्राटदार तिच्या घरी येऊन गेला होता, बापाने मान डोलावली होती. "हापिस नाय तर पावडर," असं ती हसत म्हणायची. त्या शेडमधल्या बायका संध्याकाळी रस्त्याने जाताना मी दुकानातून पाहिल्या होत्या. हात पिवळे. कपाळावर केस सुटतात तिथली कातडी पिवळी. एक खोकायला लागली की सगळ्या थांबायच्या.

हे मला तेव्हाही माहीत होतं. मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

आमच्या मागच्या पडवीत तालीम सुरू झाली. मी खुर्चीत — मी साहेब. शकूने दारावर टकटक करायची, विचारायचं, आत यायचं, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. पहिल्या दिवशी ती बाहेर चपला काढून आली. मी म्हटलं, चपला घालून यायचं. ती दारातच अडली. "साहेबाच्या खोलीत? चपला घालून? आई बघंल तर मारंल मला." मग स्वतःबद्दल सांगा. हीच नोकरी का हवी? तुमच्यात काय कमी आहे? आणि मुलींना हमखास विचारायचे तो — लग्नाचा विचार आहे का? त्यावर ती म्हणाली, "तुमच्या नदरंत हाय का कोण, साहेब?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी तिच्याबरोबर अशी हसले होते, हे आठवतं मला. हे आठवणं सर्वांत वाईट.

कारण ती शिकत गेली. वाक्यं माझी, उच्चार माझे, पण तिच्या तोंडून ती मोकळी होऊन यायची. माझ्या गळ्यात अडकून बसणारं इंग्रजी तिच्या गळ्यातून सरळ निघायचं. एका संध्याकाळी आई आतून म्हणाली, "अगं बाई, मालू! इतकं छान बोलायला लागलीस की!"

बोलत होती शकू.

शकू हसली, तोंडावर हात ठेवून. मीही हसले. पण मला वाटतं — नाही, वाटतं काय, मला माहीत आहे — त्याच क्षणी माझ्यात काहीतरी बसलं. डोहात दगड बसतो तसं. वर तरंगही नाही.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. इंटरव्ह्यू घेणारे पर्सोनेल मॅनेजर आमच्या घरी रविवारी पत्ते खेळायला यायचे. गोरे, मृदू, कधी आवाज चढवायचे नाहीत. एकदा वडिलांनी त्यांना विचारलं, की गावातली पोरं नोकरी मागायला येऊन भांडत नाहीत का? साहेब म्हणाले, "भांडायला मी जागाच ठेवत नाही. एखाद्याने आमची जमीन तुमच्याकडे गेली असं म्हटलं, की समजायचं — हा उद्या हक्क मागणार, परवा लाल झेंडा आणणार. मी वाद घालत नाही. चहा मागवतो. बिस्किटंसुद्धा. माणूस खूश होऊन घरी जातो, आणि मी त्याचं नाव काढून टाकतो." वडील हसले. पत्ते वाटले गेले.

चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि आत गेले.

हे ऐकलं त्याला बरेच दिवस झाले होते. मी विसरले होते, असं म्हणता आलं असतं. पण मी तुम्हाला खोटं सांगायला बसलेली नाही.

शकूच्या बापाचं शेत कारखान्यात गेलं होतं. भाताचं शेत, नदीलगतचं. आता तिथे बॉयलर आहे. म्हातारा त्याचं बोलायचा तेव्हा रागाने नाही बोलायचा, हे लक्षात घ्या. तो म्हणायचा, "जमीन दिली म्हंजी सोयरीक झाली. लेक दिली त्या घरात आपला मान असतो का नाय? तसाच ह्यो." त्या गावात सगळे असंच धरून चालायचे. जमीन घेणाऱ्याला ते व्याही समजत. व्याह्याच्या दारात नातं सांगूनच उभं राहायचं, न सांगणं म्हणजे त्याचा अपमान. ही त्यांची रीत होती. आणि साहेबांच्या खोलीत ही रीत कशी ऐकली जाते, ते त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. खालापुरात मला ठाऊक होतं.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी, पडवीत, हीच नोकरी का हवी यावर आम्ही आलो. शकू थांबली.

"बाबा म्हणतात, शेताचं सांग. सांगू का गं?"

सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. तिची आई पलीकडेच बसली होती. मी फक्त 'नको' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. गप्प बसले असते तरी ती कदाचित साहेबांपुढे बोललीच असती, आणि मग मी आज तुम्हाला निदान एवढं सांगू शकले असते, की मी गप्प बसले. भित्रेपणा म्हणून चाललं असतं.

मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, "सांग. अवश्य सांग. साहेबांना आवडेल."

आणि मी तिला ते वाक्य इंग्रजीत करून दिलं. साहेब, तुमचा बॉयलर ज्या जमिनीवर उभा आहे, ती माझ्या वडिलांची. त्यामुळे हे घर मी परकं मानत नाही. सुंदर वाक्य होतं. मी त्याच्यावर मेहनत घेतली. 'परकं' या शब्दासाठी दोन-तीन शब्द बदलून पाहिले. तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं — मान वर, डोळे साहेबांकडे, घाई नको. माझ्याकडून आजवर कुणासाठीही इतक्या प्रेमाने काही केलं गेलेलं नाही. हे कसलं प्रेम?

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. हवेत तो वास होता, केळी पिकून सडल्यासारखा. आत येणाऱ्याला तो पहिले काही दिवसच येतो, मग येईनासा होतो. शकूने आईचं हिरवं पातळ नेसलं होतं. तिला आधी बोलावलं. ती चपला घालून आत गेली. जाताना मागे वळून तिने पायाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिचकावले.

मी दाराकडे बघत राहिले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज — खणखणीत. मग तो थांबला. मग घंटी वाजली.

शिपाई आला. परत गेला. आणि ट्रे घेऊन आला. एक कप, बशीत दोन बिस्किटं.

तो माझ्या गुडघ्यांजवळून गेला. चहाची वाफ माझ्या तोंडावर आली. तेव्हाही वेळ होती का? आत जाऊन मला सांगता आलं असतं का — साहेब, ते वाक्य माझं आहे? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

शकू बाहेर आली ती फुललेली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मालूताई, साहेबांनी चहा पाजला गं मला! बिस्कुट पण!"

मला चहा मिळाला नाही. मला साहेबांनी विचारलं, तुमच्यात काय कमी आहे? तालमीतलं उत्तर मला आठवेना. मी खरं ते बोलले — मी फार कमी बोलते, सर. साहेब हसले. म्हणाले, "ऑपरेटर तशीच हवी. ऐकलेलं पोटात ठेवणारी."

ती नोकरी मला अशी लागली.

शकू पावडरला गेली. पहिल्याच पावसाळ्यापर्यंत तिचे तळवे पिवळे झाले, मग नखं, मग उशीचा अभ्रा. गावात थट्टा चालायची — शकूला हळद लागली, नवरा कुठाय? ती त्यांना तसंच उत्तर द्यायची, "तुझाच भाऊ येनार व्हता, पिवळी बघून पळाला." नंतर खरंच एक स्थळ आलं होतं, कर्जतकडचं. तिने पाणी पुढे केलं, पाहुण्यांनी हात पाहिले, आणि पाणी न पिता ते उठले. खोकून खोकून तिचा आवाजही बसला. आता नदीपलीकडची गुरं मान वर करत नाहीत.

मी बोर्डावर असते. जोडून दिलेलं बोलणं बोर्डावर ऐकू येतं. एकदा कारखान्याचे डॉक्टर साहेबांना म्हणत होते, की पावडरच्या बायकांना तिथून हलवा, लवकर हलवा. साहेब त्याच मृदू आवाजात म्हणाले, "त्या कंत्राटदाराच्या आहेत, डॉक्टर. आपल्या नाहीत." मी प्लग काढला. ऐकलेलं पोटात ठेवलं. ज्या कामासाठी मला घेतलं, ते मी नीट करते.

एवढंच असतं तर कदाचित हे लिहिलं नसतं. पण या महिन्यात कारखान्याला दुसरी ऑपरेटर हवी झाली. आणि शकू आमच्या पडवीत आली. बरोबर धाकटी बहीण, रंजी.

"हिला शिकव," म्हणाली. ताई म्हटलं नाही.

मी शिकवलं. त्याच खुर्चीत बसून, तेच सवाल. शकू भिंतीला टेकून बसायची, हात पदराखाली. हीच नोकरी का हवी यावर आलो, तेव्हा रंजीने विचारलं, "शेताचं सांगू?"

माझ्याआधी शकू बोलली, त्या घोगऱ्या आवाजात. "नाय सांगायचं."

"तू तर सांगितलंस ना गं तवा?"

"मला कोन नको बोल्लं नवतं," शकू म्हणाली. माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत. मग तिला खोकला आला आणि आम्ही दोघी तो थांबेपर्यंत थांबलो.

काल रंजीचा इंटरव्ह्यू झाला. पाळी बदलायची वेळ होती, पावडरच्या बायका गेटपाशी जमल्या होत्या. काचेतून मला सगळं दिसतं, आणि खिडकीला फट आहे, ऐकूही येतं. रंजी बाहेर आली, तोंड एवढंसं झालेलं. शकूने तिचा दंड धरला.

"चहा दिला का गं?"

"नाय गं. पानी पन नाय विचारलं."

"मंग झालं तुझं काम," शकू म्हणाली.

आणि तिने काचेकडे पाहिलं. रागाने नाही. माणूस घड्याळाकडे बघतो तसं. तिला हे कधी कळलं? कुणाकडून? की बिस्किटं तोंडात असतानाच? मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

भोंगा झाला. ती बायकांबरोबर शेडकडे गेली. बोर्डावर दिवा लागला होता. मी प्लग लावला आणि बोलले. फोनवर माझा आवाज अगदी स्वच्छ येतो, असं सगळे म्हणतात.